दोन तासांच्या मधली जागा

विद्यापीठात पहिल्या दिवशी वर्ग शोधायला मला काहीच त्रास झाला नाही. वेळापत्रकावर खोली क्रमांक होता, जिन्याशी भिंतीवर बाण रंगवलेला होता. अडचण आली ती पहिला तास संपल्यावर. पुढचा तास थेट दुपारी दोनला होता आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते. मधला वेळ काढायचा कुठे?

वर्ग दुसऱ्या तुकडीने भरला होता. विभागाच्या कार्यालयाबाहेर चार खुर्च्या होत्या, पण त्या भेटायला आलेल्या मंडळींसाठी. हिरवळीवर ‘बसू नये’ची पाटी. कँटीनमध्ये नुसतंच टेबल अडवून बसलं की पोऱ्या दोनदा येऊन पुसून जायचा. वसतिगृह आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग मी दप्तर खांद्याला लावून, कुठेतरी निघाल्यासारखी चालत राहिले. या इमारतीतून त्या इमारतीत. रिकाम्या वेळात घाईत असल्यासारखं चालणं किती दमवतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

चौथ्या की पाचव्या दिवशी ग्रंथालयाच्या जिन्यावर मला ती खिडकी सापडली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधलं वळण. जुनी दगडी इमारत, भिंत हातभराहून जाड, त्यामुळे खिडकीला आतल्या बाजूने चांगला ऐसपैस कट्टा होता. गुडघ्याहून जरासा उंच. एक माणूस पाय वर घेऊन आरामात मावेल, दोघांना पाय खाली सोडून बसता येईल. मधोमध दगड किंचित खोलगट झाला होता, आणि कडेला तर हात फिरवला की काचेसारखा गुळगुळीत लागायचा. माझ्याआधी किती जण तिथे बसून गेले असतील, त्याचा हिशेब त्या दगडानेच ठेवला होता. डाव्या बाजूच्या गिलाव्यावर कुणीतरी पेन्सिलीने एक लांबलचक भागाकार केलेला होता. उत्तर चुकलेलं. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या पेन्सिलीने, बरोबर उत्तर लिहिलेलं. दोघांची कधी गाठ पडली असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

ग्रंथालयाचे रखवालदार काका त्या जिन्याने दिवसातून चार-पाच वेळा जा-ये करायचे. पहिल्यांदा ते दिसले तशी मी ताडकन उठले. ते न थांबताच म्हणाले, “बस गं पोरी, उठतेस कशाला?” आणि वर निघून गेले.

पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षं मी तिथे बसले. माझा विषय मला वर्गात शिकवला गेला, पण तो कळला बराचसा त्या खिडकीत. नुकतंच ऐकलेलं डोक्यात मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ घालवायला जागा लागते.

पुढे याच आवारात शिकवायला लागले आणि काही वर्षं बांधकाम समितीवरही होते. तिथे माझ्या खिडकीचं सरकारी नाव मला कळलं. नकाशावर प्रत्येक चौरस मीटरचा हिशेब असतो : इतकं वर्गांचं, इतकं प्रयोगशाळांचं, इतकं कार्यालयांचं. जिने, व्हरांडे, वळणं, दारासमोरची मोकळी जागा हे सगळं ‘सर्क्युलेशन’ या एका रकान्यात जातं. म्हणजे माणसांची ये-जा. हा आकडा जितका कमी, तितका नकाशा किफायतशीर. आमच्या बैठकांमध्ये पहिली कात्री नेहमी याच रकान्याला लागायची. व्हरांडा अर्ध्या मीटरने अरुंद केला की प्रत्येक मजल्यावर एक खोली जास्तीची निघते, असं कुणीतरी हिशेब मांडून दाखवायचं. हिशेब चूक नसायचा. पण त्या अर्ध्या मीटरमध्येच दोन माणसं भिंतीला टेकून बोलत उभी राहतात आणि तिसऱ्याला जायला वाट उरते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कधी जमलं नाही.

विद्यापीठांचं मूळ पाहिलं तर तिथे इमारत नव्हतीच. ‘युनिव्हर्सिटास’ या लॅटिन शब्दाचा अर्थ माणसांचा संघ. इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची मानतं, पण शेकडो वर्षं तिथले तास गुरुजींच्या घरी किंवा भाड्याच्या खोल्यांमध्ये व्हायचे. जागेचा पाश नसल्यामुळे माणसं उठून चालूही लागायची. ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी बिनसलं तेव्हा १२०९ साली काही विद्वान तिथून निघाले आणि केंब्रिजला जाऊन बसले. बोलोन्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १२२२ साली पादुआला बस्तान मांडलं. बोलोन्याच्या विद्यापीठाला एका छपराखाली आणणारी इमारत, आर्किजिन्नासिओ, बांधली गेली ती १५६२-६३ मध्ये. म्हणजे पावणेपाचशे वर्षं इमारतीवाचून निभावलं होतं. आणि ती इमारत बांधली तेव्हा मध्ये अंगण ठेवलं, अंगणाला कमानींचा व्हरांडा दिला. आज त्या व्हरांड्याच्या आणि जिन्यांच्या भिंतींवर हजारो विद्यार्थ्यांची कुलचिन्हं रंगवलेली आहेत. वर्गाइतकीच, वर्गाकडे जाणारी वाटही त्यांनी आपली मानली होती.

त्याच्या कितीतरी आधी नालंदाला हेच दिसतं. उत्खननात सापडलेल्या विहारांचा आराखडा एकामागून एक तोच : मध्ये मोठं अंगण, त्याला लागून व्हरांडा, आणि चहूबाजूंनी भिक्षूंच्या छोट्या खोल्या. खोली निजण्यापुरती. सातव्या शतकात ह्युएन त्संग तिथे शिकला. तिथले वादविवाद अंगणात झाले की आणखी कुठे, ते विटा सांगत नाहीत. पण खोली एवढीशी आणि अंगण एवढं ऐसपैस ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही.

‘कॅम्पस’ हा शब्द त्यामानाने अगदी अलीकडचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मैदान, आणि विद्येच्या आवाराला तो लागला तो अठराव्या शतकात, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला. त्याच देशात माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १८१९ साली व्हर्जिनिया विद्यापीठ उभं करायला घेतलं, आणि ज्या मध्यवर्ती जागी त्या काळी प्रार्थनामंदिर असायचं तिथे ग्रंथालय ठेवलं. रोमच्या पॅन्थिऑनच्या धर्तीवरचा घुमट, समोर हिरवळ, दोन्ही बाजूंना मिळून प्राध्यापकांची दहा घरं, आणि त्यांच्या मधल्या जागेत विद्यार्थ्यांच्या खोल्या. हे सगळं खांबांच्या सलग ओसरीने जोडलेलं. प्राध्यापक वर राहायचे, खाली शिकवायचे. आवाराची याहून सुंदर कल्पना मला माहीत नाही. आणि तरीही तिच्याकडे नुसतं कौतुकाने पाहता येत नाही. तिथली जमीन सपाट करणारे, विटा पाडून भाजणारे हात गुलाम माणसांचे होते. त्यांनी बांधलेल्या ओसरीत पुस्तक घेऊन बसायचा हक्क त्यांना नव्हता. त्यांचं स्मारक त्या आवारात उभं राहिलं ते २०२० साली.

हे कळल्यापासून कुठल्याही विद्यापीठात गेले की वास्तूची शैली, साल, खांब हे मी नंतर बघते. आधी बघते, इथे कोण बसलंय. आणि कोण दिसतच नाही.

आमच्या विभागाच्या इमारतीत मुलींसाठीचं स्वच्छतागृह तळमजल्यावर एकच होतं आणि त्याला कुलूप असायचं. किल्ली कार्यालयात. हरवू नये म्हणून ती हातभर लांबीच्या लाकडी पट्टीला सुतळीने बांधलेली होती. कारकुनाकडे मागायची, ती पट्टी हातात घेऊन लांबलचक व्हरांडा ओलांडायचा, आणि तशीच परत आणून द्यायची. वाटेत बसलेल्या प्रत्येकाला कळायचं तुम्ही कुठे निघालात. आम्ही सगळ्याजणींनी त्यावर एकच उपाय काढला : सकाळी घरून निघाल्यापासून पाणी प्यायचं नाही. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मूत्रमार्गाच्या संसर्गाने परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे अंथरुणाला खिळली. ‘आजारपणामुळे गैरहजर’ अशी तिची नोंद झाली. तिच्या गुणपत्रिकेचा त्या लाकडी पट्टीशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्हा मुलींच्याही नाही. आम्हाला तो आपलाच नाजूकपणा वाटला होता.

हे आमच्याकडेच होतं असं मी बरीच वर्षं समजत होते. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग १९५६ साली हार्वर्डला कायदा शिकायला गेल्या, तेव्हा त्यांच्या पाचशेच्या वर्गात नऊ मुली होत्या. वर्ग दोन इमारतींत भरायचे आणि बायकांचं स्वच्छतागृह त्यातल्या एकाच इमारतीत होतं. त्याच हार्वर्डमधलं लॅमाँट ग्रंथालय १९४९ साली उघडलं, ते मुलींना खुलं झालं १९६७ मध्ये. अठरा वर्षं तिथल्या खुर्च्या, दिवे, पुस्तकं सगळं जागच्या जागी होतं. दारातून आत यायला मात्र मुलींना मनाई.

समितीवर गेल्यावर माझी पहिली मागणी ते कुलूप काढण्याची होती. कुलूप निघालं. पण उघडं स्वच्छतागृह रोज दोनदा झाडायला-धुवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या पगाराची तरतूद होईना. इमारत बांधायला निधी मिळतो, कोनशिला बसते, फीत कापली जाते. फरशी पुसायला, नळाचा वायसर बदलायला, जळालेली ट्यूब काढायला निधी मागितला की सगळ्यांचे चेहरे पडतात. आवारात माणसाला थारा मिळतो तो या कामांनी. नळ गळतोय, दिवा बंद आहे, कडी निघून आली आहे अशा तक्रारींची जी जाडजूड वही देखभाल विभागात असते, तिच्यावरून मला विद्यापीठाचं जितकं कळतं तितकं त्याच्या माहितीपत्रकावरून कळत नाही.

आता उतरणीविषयी. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची तर एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी द्यावी लागते, हे प्रमाण बांधकामातल्या सगळ्यांना पाठ असतं. आमच्या एका इमारतीला अशी उतरण केली. लांबी बरोबर, कठडा बरोबर, फरशी खरखरीत. उद्घाटनही झालं. दुसऱ्या वर्षी खुर्ची वापरणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गात आला. तो रोज पाच-सात मिनिटं उशिरा येतो हे माझ्या लक्षात आलं, आणि एकदा मी त्याला त्याबद्दल टोकलं. त्याची मला आजही लाज वाटते. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मला आत येता येतं. एकट्याला येता येत नाही.”

तास संपल्यावर मी त्याच्याबरोबर गेले. उतरणीच्या वरच्या टोकाला जेमतेम खुर्चीपुरती जागा होती, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. दार ओढायचं तर त्याला मागे सरावं लागायचं, आणि मागे उतार. म्हणून तो रोज तिथे कुणी येईपर्यंत थांबून राहायचा. सुताराने बिजागऱ्या बदलून दार आतल्या बाजूला उघडेल असं केलं. एका दुपारचं काम. त्या एका दुपारीसाठी त्या मुलाचं जवळपास एक सत्र गेलं होतं.

याबाबतीत मी विद्यार्थ्यांना नेहमी एड रॉबर्ट्सची गोष्ट सांगते. पोलिओमुळे त्याचं मानेखालचं शरीर लुळं पडलेलं, रात्री तो ‘लोखंडी फुप्फुसात’, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या एका मोठ्या यंत्रात झोपायचा. १९६२ साली त्याला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण साडेतीनशे किलोंहून जड असलेलं ते यंत्र पेलणारी खोली एकाही वसतिगृहात नव्हती. शेवटी विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याच्या राहण्याची सोय झाली. वसतिगृह म्हणून, रुग्ण म्हणून नव्हे. त्याच्यामागून तसेच आणखी विद्यार्थी तिथे येऊन राहिले. मग त्यांनी स्वतःचा गट बांधला, आणि आवाराच्याच नव्हे, गावाच्या पदपथांच्या कडाही उतरत्या करून घेतल्या. रुग्णालयाच्या एका मजल्यावर माणसांना एकत्र राहायला जागा मिळाली, त्यातून हे झालं.

दिमाखदार इमारतीच माणसाला सामावून घेतात असं नाही. उलटच अनुभव जास्त. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने महायुद्धात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी एक लाकडी इमारत घाईघाईने उभी केली. नाव नाही, नुसता क्रमांक : २०. युद्ध संपलं की पाडायची असं ठरलेलं. ती १९९८ पर्यंत टिकली. उन्हाळ्यात तापायची, हिवाळ्यात वारा आत शिरायचा, पण तिथे भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागत नसे. एका शास्त्रज्ञाने आण्विक घड्याळासाठी मजले फोडून उंच जागा करून घेतली. भाषाशास्त्रज्ञ, ध्वनिशास्त्रज्ञ, विद्युत अभियंते एकाच बोळातून येत-जात राहिले. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीची खोली तिथेच होती. गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या यंत्राचा सुरुवातीचा नमुना रायनर वाइस यांनी तिथेच बांधला. त्या इमारतीला कुणी सुंदर म्हटलं नाही. पण तिथे आलेल्या माणसाला तिने कधी आडकाठीही केली नाही.

वास्तुरचनाकाराने हे सगळं ओळखून, ठरवून केलंय अशीही उदाहरणं आहेत, आणि सर्क्युलेशनच्या रकान्यावरून वाद पेटला की मी ती बैठकीत मांडायची. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेत बाळकृष्ण दोशींनी व्हरांड्यांनाच इमारतीचा कणा केलंय. उंच, दगडी, कुठे छप्पर तर कुठे नुसत्या तुळया आणि वर आभाळ, त्यामुळे चालताना ऊन-सावली बदलत राहते. व्हरांडा मध्येच रुंद होतो आणि तिथे माणूस आपसूक थांबतो. दोशींनी त्याआधी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत लुई कान यांच्याबरोबर काम केलं होतं. तिथल्या विटांच्या वसतिगृहांतही खोल्यांपेक्षा त्यांच्या मधल्या जागांचा विचार जास्त दिसतो. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तर रेम कोल्हास यांनी, मोकळ्या जमिनीवर मुलांनी पायांनी पाडलेल्या वाटा आधी टिपून घेतल्या आणि २००३ साली उघडलेलं विद्यार्थी केंद्र त्याच वाटांवर रचलं.

ही उदाहरणं ऐकून समितीतली मंडळी माना डोलवायची, आणि व्हरांडा तरीही अर्धा मीटर कापला जायचा. दोनदा मात्र मी तो वाचवला. एका ठिकाणी त्या वाचलेल्या जागेत आता भिंतीलगत सलग बाक आहे आणि तो सकाळी आठपासून भरलेला असतो.

आमच्या ग्रंथालयाचं नूतनीकरण निघालं तेव्हा मी समितीवरच होते. कामाची यादी सत्तरेक पानांची. छताची गळती, वायरिंग, अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी राहावी म्हणून नवे दिवे. अभ्यासिकेसाठी मी जिवाचं रान केलं होतं, कारण ज्यांच्या खोलीवर चार-चार जण राहतात त्यांना तो एवढाच आधार असतो. ते सगळं मंजूर झालं. त्याच यादीत मधल्या कुठल्यातरी पानावर एक ओळ होती : जिन्यातील खिडक्यांच्या कट्ट्यांना उतार देऊन ग्रॅनाइट बसवणे. मी ती वाचली. पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून असेल असं समजले, आणि पानाखाली सही केली.

काम संपल्यावर एका दुपारी मी जिना चढत होते. वळणावर नेहमीसारखी टेकायला गेले आणि घसरले. कट्टा आता काळा, चकचकीत आणि उतरता होता. पाणी बाहेर जावं म्हणून असतं तर उतार बाहेरच्या बाजूला असता. हा आतल्या बाजूला होता. कुणी बसू नये म्हणून. डावीकडचा गिलावा नवा, पांढरा. भागाकार गेला होता, आणि त्याची दोन्ही उत्तरंही.

कट्टा पूर्ववत करावा असं पत्र मी दिलं. ते अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं आहे.

परवा वर जात होते. वळणावर, खिडकीच्या खाली, एक मुलगी जमिनीवरच बसली होती. भिंतीला पाठ, मांडीवर वही, एक पाय जिन्याच्या पायरीवर. मला पाहून ती गडबडीने वही मिटून उठायला लागली.

“बस गं,” मी म्हटलं, “उठतेस कशाला?”

तिने पाय आवरता घेऊन मला वाट दिली. खाली येताना ग्रंथालयाच्या दुरुस्तीचं उरलंसुरलं काम करणारा गवंडी भेटला, त्याला मी सहज विचारलं, ते ग्रॅनाइट काढायचं म्हटलं तर किती तोडफोड होईल. तो म्हणाला, काहीच नाही बाई. खालचा दगड आम्ही फोडलाच नाही, लई कठीण होता. त्याच्यावर नुसता मसाला भरून उतार दिलाय.